कर्नल अपडेट केला आणि मशीन उठेना: मेमरीच्या बदलामुळे अडलेलं बूट कसं शोधायचं

पहिली गोष्ट, फॉरमॅट मारू नका. लिनक्सचा नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा, हार्डवेअर आणि मेमरी तोच सांभाळतो) टाकला, रीबूट केलं आणि स्क्रीन काळी पडली किंवा लोगोवरच अडकली की आपल्याकडे अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, पेनड्राइव्ह लाव आणि परत इन्स्टॉल कर. त्याने मशीन चालू होईलही, पण कारण पुसलं जातं आणि पुढच्या अपडेटला परत तेच. देवगडला एका मित्राच्या आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये रायपनिंग चेंबरचं तापमान नोंदवणारा एआरएम बोर्ड (रास्पबेरी पायसारखा छोटा कॉम्प्युटर) आहे, ऐन एप्रिलात त्याचा फोन, "अरे मशीन उठणाच नाय, फॉरमॅट मारू काय?" थांब म्हटलं, कारण जुना कर्नल त्याच कार्डवर होता आणि त्याच्यावर बोर्ड व्यवस्थित उठत होता. ही सगळ्यात मोठी खूण आहे. हार्डवेअर तेच, कार्ड तेच, जुन्यावर उठतं आणि नव्यावर नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललंय आणि जे बदललंय ते शोधून काढता येतं.

कर्नलच्या मेमरी कोडमध्ये बदल झाल्यामुळे बूट अडतं तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. मशीन पडलं कुठे, बदललं काय आणि चूक कुणाची, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक वेळा तिन्हींची उत्तरं वेगळी निघतात. लोक स्क्रीनवरचा शेवटचा फंक्शन बघतात आणि त्याच ड्रायव्हरच्या मागे लागतात, दोन दिवस त्यात जातात. मेमरी कुणी आधीच बिघडवलेली असते, पडतो तो बिचारा नंतर तिथे पाय ठेवणारा.

(कमांड आणि पॅरामीटर, म्हणजे बूटच्या वेळी कर्नलला द्यायच्या सूचना, इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगने टाका.)

आधी हार्डवेअर बाजूला काढा

कोकणात हे टाळून चालतच नाही. खाऱ्या वाऱ्याने रॅमच्या स्टिकचे कॉन्टॅक्ट काळवंडतात, पिनांवर हिरवट थर येतो, पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा लपकते त्याला हिशोब नाही आणि त्यात एसडी कार्डं खराब होतात. ही सगळी लक्षणं बाहेरून कर्नलच्या बगसारखीच दिसतात. म्हणून जुन्या कर्नलवर मशीन पूर्ण बंद करून चालू, बंद करून चालू असं आठ-दहा वेळा करा. एकदाही अडकलं तर आधी हार्डवेअर बघा, रॅम काढून कॉन्टॅक्ट साफ करा, अ‍ॅडॉप्टर बदलून बघा. पीसी असेल तर मेमटेस्ट८६प्लस रात्रभर चालवा (आवृत्ती ६ पासून तो यूईएफआयवर, म्हणजे नव्या पद्धतीच्या पीसी फर्मवेअरवर, पण चालतो). बोर्ड असेल तर कर्नलचाच मेमटेस्ट पॅरामीटर आहे, मेमटेस्ट=४ असं दिलं की बूटच्या सुरुवातीलाच रॅमवर चार वेगवेगळे पॅटर्न लिहून तपासले जातात, फक्त कर्नल बिल्ड करताना तो पर्याय चालू असायला हवा.

नवा कर्नल दर वेळी साधारण त्याच जागी अडतो आणि जुना कधीच अडत नाही, असं दिसलं की पुढे चला. नवा कर्नल कधी उठतो कधी नाही असं होत असेल तर लगेच रॅमला दोष देऊ नका. केएएसएलआर नावाच्या सुरक्षेच्या सोयीमुळे कर्नल दर बूटला मेमरीत वेगळ्या पत्त्यावर बसतो, त्यामुळे मेमरीचा बग पण कधी लागतो कधी चुकतो. नोकेएएसएलआर हा पॅरामीटर द्या आणि मग बघा, बऱ्याचदा लहरी वाटणारा बिघाड एकदम नेमाने यायला लागतो, आणि नेमाने येणारा बिघाड म्हणजे अर्धं काम झालं.

मशीनला बोलतं करा

काळी स्क्रीन म्हणजे कर्नल काहीच म्हणत नाही असं नाही. तो बोलतोय पण ऐकवायला अजून कन्सोल (मेसेज दाखवायची सोय) उठलेला नाही. मेमरीची मांडणी बूटच्या अगदी पहिल्या क्षणात होते, कन्सोल बराच नंतर येतो, तोपर्यंतचे सगळे मेसेज बफरमध्ये पडून असतात आणि मशीन त्याआधीच मेलं तर ते मेसेजही त्याच्याबरोबर गेले. म्हणून अर्लीकॉन, म्हणजे सुरुवातीचे मेसेज लगेच बाहेर काढणारा पॅरामीटर.

पीसीवर बूट होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ग्रबचा (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूटलोडरचा) मेनू काढा, नव्या कर्नलच्या ओळीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिथून क्वाएट आणि स्प्लॅश काढून टाका आणि शेवटी इग्नोर_लॉगलेव्हल आणि कीप_बूटकॉन जोडा. सिरियल पोर्ट असेल तर अर्लीप्रिंटके=सिरियल,टीटीवायएस०,११५२००. लॅपटॉपला सिरियल कुठला असणार, तिथे यूईएफआय असेल तर अर्लीकॉन=ईएफआयएफबी द्या, मेसेज थेट स्क्रीनवर येतात, अक्षरं हळूहळू सरकतात पण येतात. मजकूर भराभर वर गेला तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि फ्रेम फ्रेम करून वाचा, हा उपाय साधा वाटतो पण मी अजून वापरतो.

बोर्डावर मात्र सिरियल वायरच. यूएसबी ते टीटीएल अ‍ॅडॉप्टर लागतो, ३.३ व्होल्टचाच घ्या, ५ व्होल्टचा लावला तर बोर्डाची पिन जळू शकते. रास्पबेरी पाय असेल तर पिन ६ ग्राउंड, ८ वर बोर्डाचं टीएक्स (पाठवणारी पिन) आणि १० वर आरएक्स (घेणारी पिन). टीएक्स समोरच्या आरएक्सला आणि आरएक्स समोरच्या टीएक्सला, उलटसुलट लावायचं. अ‍ॅडॉप्टरची लाल वायर कुठेच लावू नका, बोर्डाला त्याची स्वतःची पॉवर असते. लॅपटॉपवर पिकोकॉम किंवा मिनिकॉम (सिरियल वाचायचे प्रोग्राम) ११५२०० वर उघडा आणि येणारं सगळं फाइलमध्ये सेव्ह होईल असं बघा, नुसतं डोळ्यांनी वाचून काही हाती लागत नाही. पायवर कॉन्फिग फाइलमध्ये इनेबल_यूएआरटी=१ पण लागेल. आणि एक, हा अ‍ॅडॉप्टर आपल्याकडच्या दुकानात पटकन मिळत नाही, मागवायला लागतो, म्हणून गरज लागायच्या आधीच एक घेऊन सिलिका जेलच्या पुडीबरोबर डब्यात बंद ठेवा, उघड्यावर ठेवला तर पावसाळ्यानंतर पिना गंजलेल्या मिळतील.

सिरियलवर यू-बूटची (बोर्डाच्या बूटलोडरची) "स्टार्टिंग कर्नल" ही ओळ आली आणि त्यापुढे अर्लीकॉन देऊनही एक अक्षर नाही, तर कर्नलच्या मेमरी कोडमध्ये शिरण्याआधी एक तपासा. नव्या कर्नलची फाइल जुन्यापेक्षा मोठी आहे का? यू-बूट कर्नल, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय कुठे आहे त्याची यादी) आणि इनिटआरडी (बूटला लागणाऱ्या फाइलींचं गाठोडं) तिघांना ठरलेल्या पत्त्यांवर ठेवतो, कर्नल वाढत वाढत गेला की एक दिवस तो शेजारच्या डिव्हाइस ट्रीवर किंवा इनिटआरडीवर चढतो. अशा वेळी यू-बूटमध्ये त्या दोघांचे पत्ते पुढे सरकवले की काम झालं, बायसेक्ट (निम्मे निम्मे बाद करत दोषी बदल शोधणं, ते पुढे येतंय) वगैरे काही नको. कर्नलचा आकार बघताना बीएसएस (फाइलमध्ये नसलेली पण मेमरीत लागणारी जागा) सकट बघा, डिस्कवरची फाइल लहान दिसली तरी मेमरीत तो जास्त जागा घेतो.

मेमरीचा हिशोब कसा मांडला जातो

हे थोडं समजून घ्या, नाहीतर लॉग वाचून काही उमजणार नाही.

कर्नल सुरू होतो तेव्हा त्याला रॅम किती आणि कुठे आहे हे स्वतःला माहीत नसतं. फर्मवेअर, म्हणजे मशीनमध्येच बसवलेला सुरुवातीचा प्रोग्राम, ते सांगतं. जुन्या पद्धतीच्या पीसीवर ई८२० नावाचा नकाशा मिळतो, यूईएफआयवर त्याचा स्वतःचा मेमरी मॅप, एआरएम बोर्डावर डिव्हाइस ट्री. त्यात कुठला पट्टा वापरायला मोकळा, कुठला राखीव, कुठे एसीपीआयचे टेबल (फर्मवेअरने हार्डवेअरबद्दल ठेवलेली माहिती), असं लिहिलेलं असतं. हा नकाशा म्हणजे सातबारा समजा. सातबाऱ्यावर जमीन रिकामी दिसतेय पण प्रत्यक्षात तिथे कुणीतरी नोंद न करता घर बांधून राहतंय, आणि तलाठ्याने कागद बघून ती जागा दुसऱ्याला दिली, तर भांडण होणार ते होणारच. कर्नल पण कागदच बघतो.

मिळालेला नकाशा कर्नल मेमब्लॉक नावाच्या सुरुवातीच्या अलोकेटरमध्ये (मेमरी वाटणाऱ्या कोडमध्ये) भरतो. त्याच्या दोन याद्या असतात, एक सगळ्या मेमरीची आणि एक राखीव भागांची. बूटच्या पहिल्या टप्प्यात ज्याला मेमरी हवी तो मेमब्लॉककडे मागतो. यातला मोठा गिऱ्हाईक म्हणजे स्ट्रक्ट पेज, कारण दर ४ केबीच्या पानामागे एक नोंद लागते आणि ६४ बिट मशीनवर ती नोंद साधारण ६४ बाइटची असते. ४ जीबी रॅम धरली तर १०,४८,५७६ पानं, म्हणजे ६४ एमबी फक्त नोंदींना. मांडणी झाली की मेमब्लॉक उरलेली सगळी मोकळी पानं बडी अलोकेटरकडे सोपवतो आणि तिथून पुढे नेहमीचा कारभार सुरू होतो. जुन्या काळी या जागी बूटमेम होता, तो २०१८ मध्ये ४.२० ला पूर्ण काढला गेला, त्यामुळे जुन्या लेखांत बूटमेम दिसला तर घाबरू नका.

आता मुद्दा असा की या कोडमधले बरेच बदल "कुणाला मेमरी मिळते का" हे बदलत नाहीत, "कुठली मिळते" ते बदलतात. वाटायचा क्रम बदलतो, वरून खाली वाटायची ती खालून वर, यादीच्या पुढून घ्यायची ती मागून. नियमाने पाहिलं तर कुणालाच फरक पडायला नको. पण ज्याने आपली जागा राखीव केलीच नव्हती आणि आजवर निव्वळ नशिबाने वाचत आला, तो उघडा पडतो.

हे खरंच घडलेलं आहे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या ५.१० कर्नलमध्ये पेज अलोकेटरमधला (म्हणजे बडीतलाच) एक छोटासा बदल होता, बूटच्या वेळी पानं बडीकडे सोपवताना ती फ्री लिस्टच्या (मोकळ्या पानांच्या यादीच्या) पुढे न लावता शेवटी लावायची. नंतर काही सेटअपवर आयबीएफटी नावाचा टेबल वाचताना कर्नल बूटमध्येच पडायला लागला (आयस्कझीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या डिस्कवरून, बूट करायला फर्मवेअर तो मेमरीत ठेवून देतं). बायसेक्ट केलं तर बोट थेट त्या फ्री लिस्टच्या कमिटकडे (कोडमधल्या त्या नोंदवलेल्या बदलाकडे). पण खोलात गेल्यावर कळलं की त्या टेबलाची जागा कर्नलने कधी राखीवच केली नव्हती, आधीच्या क्रमात ती पानं उशिरा वाटली जायची म्हणून टेबल शाबूत सापडायचा. शेवटी तो कमिट मागे घेतला नाही, एक्स८६ (नेहमीच्या पीसीचा प्रोसेसर) वर एसीपीआय टेबलांची जागा सुरुवातीलाच राखीव करणारा पॅच २०२१ मध्ये आला आणि तोच खरा इलाज होता. पडलं आयबीएफटीच्या कोडमध्ये, बदललं पेज अलोकेटरमध्ये, चूक टेबल राखीव न करण्यात. तीन जागा.

दोन लॉग शेजारी ठेवा

जुन्या कर्नलवर बूट करा आणि डीमेसेजचा, म्हणजे कर्नलचे मेसेज दाखवणाऱ्या कमांडचा, पूर्ण आउटपुट फाइलमध्ये घ्या. नव्या कर्नलचा सिरियलवर आलेला लॉग दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्हींना प्रिंटके.टाइम=० देऊन बूट केलेलं असेल तर वेळेचे आकडे येत नाहीत आणि डिफ (दोन फाइलींतला फरक) स्वच्छ निघतो. आता सुरुवातीच्या शंभर-दोनशे ओळी नीट बघा. नकाशाच्या ओळी सारख्या आहेत का? झोन रेंजेस, अर्ली मेमरी नोड रेंजेस यांत फरक आहे का? आणि मग ती एक ओळ, "मेमरी" या शब्दाने सुरू होणारी, एकूण किती केबीपैकी किती केबी उपलब्ध आणि किती राखीव. २ जीबीच्या बोर्डावर एकूण २०९७१५२के दिसायला हवेत. जुन्यात राखीव जास्त आणि नव्यात कमी असेल तर कुठली तरी राखीव जागा नव्याला दिसलेलीच नाही, तिचाच माग काढा.

देवगडच्या बोर्डाचे दोन्ही लॉग मी असे लावले तर नकाशा अगदी सारखा, राखीव आकडा पण जवळजवळ तोच. अशा वेळी मेमब्लॉक=डीबग हा पॅरामीटर दोन्हींना द्या. मग कुणी किती मेमरी राखीव केली, कुठल्या पत्त्यावर, कुठल्या फंक्शनमधून, सगळं ओळ ओळ छापलं जातं. लॉग लांबलचक होतो, चहा घेऊन बसा. तिथे फरक दिसला. जुन्या कर्नलमध्ये एक मोठा टेबल रॅमच्या खालच्या भागात बसत होता, नव्यात तोच टेबल वरच्या टोकाकडे गेला होता, आणि त्या ओळीनंतर दोन-तीन ओळी येऊन सिरियल गप्प. ना पॅनिक, ना ऊप्स (कर्नल पडताना छापतो ते एरर मेसेज). काहीच न बोलता मरणं ही पण खूण आहे. कर्नल स्वतः पडतो तेव्हा शक्यतो ओरडून पडतो, असा मुका मेला तर फर्मवेअरच्या किंवा सिक्युअर भागाच्या मेमरीला हात लागला असण्याची शंका घ्या.

ऊप्स आलाच तर त्यातले पत्ते तसेच वाचू नका. कर्नलच्या झाडात (सोर्स कोडच्या फोल्डरमध्ये) स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये डीकोड_स्टॅकट्रेस नावाची स्क्रिप्ट आहे, तिला त्याच बिल्डची व्हीएमलिनक्स (कंपाइल झालेला पूर्ण कर्नल) फाइल द्या, ती थेट फाइल आणि ओळ सांगते. बिल्ड करताना डीबग इन्फो चालू ठेवा आणि प्रत्येक बिल्डची व्हीएमलिनक्स जपून ठेवा, दुसऱ्या बिल्डची दिलीत तर स्क्रिप्ट तक्रार करणार नाही, फक्त चुकीच्या ओळी दाखवेल.

बायसेक्ट

आता बदल कुठला ते काढायचं. तर्क लढवत बसण्यापेक्षा बायसेक्ट करा, मेमरीच्या बगमध्ये तर हेच खात्रीचं.

सुरू करायच्या आधी मेनलाइनचा (मूळ लिनक्सचा) सगळ्यात ताजा कर्नल एकदा बिल्ड करून बघा, कदाचित आधीच दुरुस्त झालेलं असेल आणि तुमचे कष्ट वाचतील. दुसरं, डिस्ट्रोचा (उबुंटूसारख्या तयार लिनक्सचा) किंवा बोर्ड बनवणाऱ्याचा कर्नल असेल तर त्यांचे स्वतःचे पॅच असतात, म्हणून मूळ कर्नलवर पण बिघाड येतो का ते बघा. येत नसेल तर तुमचा बग त्यांच्या पॅचमध्ये आहे, त्यांनाच कळवा.

कर्नलचं पूर्ण गिट झाड (सोर्स आणि त्यातल्या सगळ्या बदलांचा इतिहास) काही जीबीचं आहे. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लोन करायला गेलात तर मधेच तुटतं आणि परत पहिल्यापासून. त्यापेक्षा कर्नल डॉट ऑर्गवर क्लोन बंडल मिळतो, एकच मोठी फाइल, डब्ल्यूगेटला सी पर्याय देऊन तुटलं तिथून पुढे उतरवता येते, मग त्या बंडलवरून क्लोन करायचा आणि उरलेलं फेच. शॅलो क्लोन घेऊ नका, मधला इतिहास नसेल तर बायसेक्ट करणार कशात?

कॉन्फिग जुन्या चालणाऱ्या कर्नलची घ्या, बूट फोल्डरमध्ये असते, तिच्यावर मेक ओल्डडेफकॉन्फिग. बिल्ड लवकर व्हावा म्हणून मेक लोकलमॉडकॉन्फिग करता येतं, आत्ता लोड असलेलेच मॉड्यूल तो ठेवतो, त्यामुळे आधी लागणारी सगळी उपकरणं जोडून ठेवा नाहीतर नंतर डिस्कचाच ड्रायव्हर गायब. मग गिट बायसेक्ट स्टार्ट, गिट बायसेक्ट बॅड आणि नव्या आवृत्तीचं नाव, गिट बायसेक्ट गुड आणि जुन्या आवृत्तीचं. दोन मेनलाइन आवृत्त्यांमध्ये चौदा हजारांच्या आसपास कमिट असतात, दर वेळी निम्मे बाद होतात, म्हणजे १४ फेऱ्यांच्या आसपास. ऐकायला जास्त वाटतं पण चौदा हजारांतून एक काढायचाय हे लक्षात घ्या.

फेरीत करायचं एवढंच, बिल्ड, टाका, बूट, गुड किंवा बॅड सांगा. पण इथेच गाडं घसरतं. एक चुकीचं गुड दिलंत की पुढच्या सगळ्या फेऱ्या भलत्याच रानात. म्हणून बिघाड लहरी असेल तर गुड म्हणायच्या आधी चार-पाच वेळा कोल्ड बूट (पूर्ण बंद करून चालू) करा, बॅडला एकदा पडलं तरी पुरे. बिल्डच झाला नाही किंवा भलत्याच कारणाने पडला तर बॅड म्हणू नका, गिट बायसेक्ट स्किप. आणि "तोच" बिघाड म्हणजे काय हे आधीच कागदावर लिहून ठेवा, उदाहरणार्थ "मेमरी या ओळीच्या आधी सिरियल गप्प", कारण नवव्या-दहाव्या फेरीला रात्री दीड वाजता डोकं चालत नाही.

लाइट गेली तर काळजी नको, बायसेक्टची स्थिती गिटच्या फोल्डरमध्ये डिस्कवर असते, मशीन परत चालू केलं की तिथूनच पुढे. तरी गिट बायसेक्ट लॉगचा आउटपुट दर फेरीला दुसरीकडे सेव्ह करा, कुठलं उत्तर चुकलं असं नंतर वाटलं तर तो एडिट करून गिट बायसेक्ट रिप्लेने तिथपर्यंत परत येता येतं. सीकॅश (आधी कंपाइल केलेलं परत वापरणारं साधन) लावा, पुढच्या बिल्डना फार वेळ लागत नाही. बोर्डासाठी बिल्ड बोर्डावर करू नका, लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करा.

मशीन तुमच्याजवळ नसेल, म्हणजे तुम्ही रत्नागिरीत आणि मशीन देवगडला, तर जुना कर्नलच डीफॉल्ट ठेवा आणि ग्रब-रीबूट कमांडने नवा फक्त एका बूटपुरता निवडा (ग्रबच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट सेव्हड असं हवं). सोबत पॅनिक=१० द्या, पॅनिक झाला की दहा सेकंदांनी आपोआप रीबूट होऊन जुन्यावर येतं. मुकं अडकलं तर मात्र कुणीतरी जाऊन बटण दाबायलाच हवं, हार्डवेअर वॉचडॉग (अडकलेलं मशीन आपोआप रीबूट करणारा टायमर) बूटलोडरमध्येच चालू करता येत असेल तर तेवढीही गरज पडत नाही.

शोध फक्त मेमरीच्या फोल्डरपुरता ठेवता येतो, एमएम आणि तुमच्या आर्किटेक्चरचा फोल्डर एवढंच देऊन. फेऱ्या कमी होतात खऱ्या, पण बदल दुसरीकडे निघाला तर उत्तर चुकतं. मी शक्यतो पूर्णच करतो.

कमिट सापडला, आता पुढे

सापडलेला कमिट ताज्या झाडावर गिट रिव्हर्ट करून, म्हणजे मागे घेऊन, बघा. रिव्हर्ट केल्यावर उठलं आणि परत लावल्यावर पडलं, तर बदल पक्का. पण वरचं आयबीएफटीचं उदाहरण आठवा, बायसेक्ट तुम्हाला "काय बदललं" एवढंच सांगतो. तो कमिट ज्याने लिहिला त्याला लगेच दोषी धरू नका.

देवगडच्या बोर्डावर मी कमिट वाचला तर तो अगदी बिनचूक वाटत होता, फक्त वाटपाची जागा बदलत होता. मग उलटा प्रयोग केला, जुन्या, चांगल्या कर्नलवर बोर्ड बूट करून स्ट्रेस-एनजीने (मुद्दाम ताण टाकणाऱ्या प्रोग्रामने) जवळजवळ सगळी रॅम भरायला लावली. जुना कर्नल पण तसाच मुका पडला! हा प्रयोग जरूर करा, फार बोलका आहे. म्हणजे ती वाईट जागा पहिल्यापासून तिथेच होती, रोजच्या कामात रॅम कधी तितकी भरत नव्हती म्हणून कुणाचा पाय पडला नव्हता.

जागा नेमकी कुठली ते काढायला मेमरीचाच बायसेक्ट करा. मेम=१जी असं देऊन रॅम निम्मी दाखवा. उठलं तर गडबड वरच्या अर्ध्यात, मग दीड जीबी, मग सव्वा, असं कमीजास्त करत जवळ या. एक्स८६ वर मेमॅप पॅरामीटरने एखादा पट्टाच राखीव म्हणून बाजूला ठेवता येतो, आकार, डॉलरचं चिन्ह आणि सुरुवातीचा पत्ता, ग्रबमध्ये डॉलरच्या आधी बॅकस्लॅश लावायला विसरू नका. एआरएम६४ वर हा पॅरामीटर नाही, तिथे डिव्हाइस ट्रीमध्ये रिझर्व्हड-मेमरीखाली नोड टाकायचा आणि त्याला नो-मॅप द्यायचं, म्हणजे कर्नल त्या भागाकडे बघणारच नाही. आमच्या बोर्डाचं उत्तर हेच निघालं, सिक्युअर फर्मवेअर रॅमच्या वरच्या टोकाला बसलेलं आणि बोर्डासोबत आलेल्या डिव्हाइस ट्रीमध्ये त्याची नोंदच नाही. नोड टाकला, नवा कर्नल उठला, जुन्यावर स्ट्रेस-एनजी पण तासन्‌तास चालला.

सगळ्या केस अशा नसतात, कधी कमिटच खरंच चुकलेला असतो, फ्री केलेलं पान परत वापरलं जातं, हद्दीबाहेर लिहिलं जातं. तिथे केएएसएएन (कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा तपासनीस) चालू करून बिल्ड करा, तो गुन्हेगाराला जागेवर पकडतो, आधी कुणी घेतलं कुणी सोडलं तेही सांगतो. मात्र जनरिक केएएसएएन रॅमचा आठवा हिस्सा स्वतःला घेतो, छोट्या बोर्डावर त्यामुळेच बूट अडू शकतं. शिवाय केएएसएएन चालू केला की मांडणीच बदलते आणि बग लपून बसतो असंही होतं, मग हलकी साधनं वापरा, पेज_पॉयझन=१, डीबग_पेजअलोक=ऑन, स्लब_डीबग (पहिल्या दोघांचे पर्याय कॉन्फिगमध्ये चालू असायला लागतात). क्यूईएमयूवर (सॉफ्टवेअरमधल्या नकली मशीनवर) बिघाड आला तर फारच छान, छोट्या आणि मोठ्या एस पर्यायांनी थांबवून जीडीबी (डीबगर) पोर्ट १२३४ ला जोडा आणि नोकेएएसएलआर देऊन स्टार्ट_कर्नलपासून एकेक पाऊल चाला. पण फर्मवेअरच्या नकाशामुळे आलेला बग क्यूईएमयूवर सहसा दिसतच नाही, कारण तिथला नकाशा वेगळा.

कळवताना कर्नलच्या झाडातली गेट_मेंटेनर स्क्रिप्ट त्या कमिटवर चालवा, कुणाला लिहायचं ते ती सांगते. प्लेन टेक्स्टमध्ये लिहा, विषयातच आवृत्ती आणि लक्षण, आत कमिटचे पहिले १२ अंक आणि त्याचं शीर्षक, रिव्हर्टचा निकाल, दोन्ही पूर्ण लॉग, कॉन्फिग, बायसेक्ट लॉग. स्क्रीनचे फोटो लॉगच्या जागी चालत नाहीत, सोबत चालतील. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी अजिबात अडत नाही, तिथे लोक लॉग वाचतात. आधी चालत होतं ते नव्या कर्नलने मोडायचं नाही हा लिनक्समध्ये कडक नियम आहे, त्यामुळे नीट बायसेक्ट केलेल्या रिपोर्टला उत्तर शक्यतो येतं. उत्तरात बहुतेक एखादा प्रयोगाचा पॅच येईल आणि "हा लावून लॉग पाठवा" असं म्हणतील, तो त्याच आठवड्यात लावून पाठवा, आणि शेवटचा पॅच चालला तर कोल्ड बूट चार-पाच वेळा करूनच टेस्टेड-बाय (पॅचवर तपासणाऱ्याची नोंद) साठी आपलं नाव द्या. तोपर्यंत पॅकेज मॅनेजरमध्ये कर्नल होल्डवर टाका आणि जुना कर्नल ऑटोरिमूव्हमध्ये उडणार नाही ना ते बघा.